मोबिलिटी स्कूटर घ्यायची आहे, विमानातून न्यायचीही आहे. सल्ला हवा

उनाडवारा
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.

आईला (वय ७१) मणक्याचा त्रास आहे. घरात व्यवस्थित वावरते, स्वतःचं सगळं स्वतः करते. पण सलग शंभरेक पावलं झाली की पाय जड होतात, मुंग्या येतात, मग बसावंच लागतं. चार मिनिटं बसली की पुढची शंभर पावलं. तीन महिन्यांनी आम्ही दोघं ताईकडे परदेशी जातोय, दीड महिन्यासाठी, वाटेत एकदा विमान बदलून. तिथे आईने खिडकीत बसून राहू नये, एवढीच इच्छा.

म्हणून तिला मोबिलिटी स्कूटर, म्हणजे लांब चालता न येणाऱ्यांनी बसून चालवायची बॅटरीवरची छोटी गाडी, घ्यायची आहे. चार दिवस व्हिडिओ बघून माझं जवळजवळ ठरलंय: चार चाकांची, लिथियम बॅटरीची, रिमोटचं बटण दाबलं की आपोआप घडी होणारी. विक्रेता म्हणतो, 'विमानात चालते, डोळे झाकून घ्या.' डोळे झाकण्याआधी इथे विचारतोय. कुणी प्रत्यक्ष नेली आहे का?

रिकामटेकडी
डोळे झाकून घ्या, पण चालवताना उघडा म्हणावं.

शंकासुर
एक बाळबोध प्रश्न. विमानतळावर व्हीलचेअर मिळतेच ना? ढकलणारा माणूससुद्धा मिळतो. मग हे धूड सोबत न्यायची हौस कशाला? माझ्या वडिलांना आम्ही तीनदा असंच नेलं, काही अडलं नाही.

उनाडवारा
@शंकासुर, विमानतळावर अडत नाही हो. अडतं ते बाहेर पडल्यावर. दीड महिना.

खटपट्या
आधी बॅटरी. बाकी सगळं नंतर.

विमान कंपनी स्कूटरचा रंग बघत नाही, बॅटरी बघते. लिथियमची बॅटरी स्कूटरमधून काढता येण्यासारखी असेल तर ती काढून केबिनमध्ये, स्वतःजवळ ठेवायची. तिची मर्यादा ३०० वॉट-अवर (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). स्कूटरला दोन बॅटऱ्या लागत असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत. जादाची न्यायची तर ३०० पर्यंतची एक किंवा १६० पर्यंतच्या दोन. हे आयाटाचे, म्हणजे जगभरच्या विमान कंपन्यांच्या संघटनेचे नियम. एखादी कंपनी याहून कडक असू शकते, आणि परवानगी आधी घ्यावीच लागते.

आता गंमत बघा. वॉट-अवर म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. विक्रेता सांगतो '२४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर'. गुणाकार २८८, आपण खूश. पण लिथियमचे सात सेल ओळीने जोडले की व्होल्ट २४ नसतात, बहुधा २५.२ असतात. बारा गुणिले २५.२ म्हणजे ३०२.४. लेबलवर तेच छापलेलं असतं आणि काउंटरवरचा माणूस लेबल वाचतो, जाहिरात नाही. त्यामुळे पैसे देण्याआधी बॅटरी हातात घ्या, उलटी करा, 'वॉट-अवर'चा आकडा स्वतः वाचा आणि फोटो काढून ठेवा. लेबलच नसेल तर ती बॅटरी घेऊच नका. सोबत यूएन ३८.३ चाचणीचा, म्हणजे लिथियम बॅटरी वाहतुकीत सुरक्षित असल्याच्या चाचणीचा, कागद मागा. तो काय असतो हे ज्या विक्रेत्याला माहीत नाही, त्याचं 'विमानात चालते' तुम्ही किती मोजायचं ते ठरवा.

पाटीपेन्सिल
बाप रे, २८८ आणि ३०२. लक्षातच आलं नसतं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

शंकासुर
दोन वॉट-अवरसाठी कोण अडवतं हो?

खटपट्या
ज्याचं अडवणं हेच काम आहे तो. मला अडवलंय. बॅटरी नव्हे, पॉवर बँक होती, पण धडा तोच.

रॅम्पवाला
बरीच वर्षं विमानात सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर होतो, म्हणून खालच्या बाजूचं सांगतो. तुम्ही वर खिडकीशी बसलेले असता तेव्हा तुमच्या स्कूटरचं काय होतं ते.

बोइंग ७३७ च्या पोटातल्या सामानाच्या दाराची उंची ९० सेंटिमीटरच्या आत असते. आत माणूस गुडघ्यांवर बसून काम करतो. एअरबस ए३२० चं दार त्यापेक्षा बरंच उंच, १२० च्या वर. न घडी केलेली स्कूटर ७३७ मध्ये उभी जातच नाही, मग ती आडवी होते. आडवी करताना माणूस हाताला जे लागेल ते धरतो: हँडल, सीट, हाताची दांडी. आणि हाताला लागतं तेच नेमकं निसटणारं असतं. कुणाला मुद्दाम मोडायची नसते. पण वेळ कमी, बाहेर पाऊस, आणि ही वस्तू कुठे धरायची हे सांगणारं तिथे कुणी नसतं.

म्हणून एक कागद करा. प्लास्टिकमध्ये घालून हँडलला बांधा. त्यावर मोठ्या चित्रांत: इथे धरा, इथे धरू नका, न्यूट्रलचा (गाडी हाताने ढकलता येण्यासाठीचा) दांडा हा, बॅटरी काढलेली आहे, एकूण वजन इतकं, घडी केल्यावर मापं इतकी. लिहा कमी, दाखवा जास्त. आम्ही वाचायचो नाही, बघायचो. सीट, टोपली, आरसा, किल्ली असं जे जे निघतं ते काढून पिशवीत घालून केबिनमध्ये न्या.

कोणत्या जातीचं विमान आहे ते बहुधा तिकिटावर असतं. कंपनीला घडीची मापं त्या विमानाचं नाव घेऊन कळवा. आणि दोन्ही विमानांसाठी कळवा, एकासाठी नाही.

रिकामटेकडी
'आम्ही वाचायचो नाही, बघायचो.' हे वाक्य मी आमच्या ऑफिसात लावणार आहे.

सांधेजोड
मी फिजिओथेरपिस्ट आहे. यंत्र सोडून माणसाबद्दल दोन शब्द.

स्कूटर कुणासाठी? ज्याला स्वतः उठून बसता येतं, पाठीला टेकू नसला तरी तोल सांभाळता येतो, आणि दोन्ही हात पुढे आणून हँडल वळवता येतं. यातलं एखादं जमत नसेल तर जॉयस्टिकची इलेक्ट्रिक व्हीलचेअर बरी. तुमच्या वर्णनावरून आईंना स्कूटर जमेल असं वाटतं. बसलं की बरं वाटतं हेही मणक्याच्या अशा त्रासात नेहमीचं आहे. पण त्यांच्या डॉक्टरांशी बोलाच.

हातांकडे लक्ष द्या. बहुतेक स्कूटरला अंगठ्याने दाबायची पट्टी असते, आणि ती सोडली की गाडी थांबते. म्हणजे चालताना सतत दाबून धरावी लागते. अंगठ्याचा सांधा दुखत असेल तर दहा मिनिटांत नको होतं. काही गाड्यांना गोल कडीसारखं हँडल असतं, त्यात चारही बोटांनी ओढता येतं.

चाकांबद्दल माझं मत स्पष्ट: चार. तीन चाकी वळणावर कलंडू शकते.

तिसरं_चाक
लहानपणी पोलिओ झाला, गेली नऊ वर्षं स्कूटर वापरते, विमानातून अकरा वेळा नेली आहे. माझ्या नावावरून माझा पक्ष कळला असेलच.

सांधेजोड ताई, तीन चाकी कलंडते ते वेगात वळलं तर, किंवा फूटपाथच्या कडेवरून तिरकी उतरवली तर. कड सरळ घ्यायची, वळताना वेग कमी ठेवायचा, हे पहिल्या आठवड्यात अंगवळणी पडतं. त्याच्या बदल्यात काय मिळतं? ती थोड्या जागेत वळते. लिफ्टमध्ये शिरून फिरते, दुकानाच्या दोन मांडण्यांमधून जाते, अपंगांच्या स्वच्छतागृहात दार लावता येतं. चार चाकीला तिथे पुढे-मागे, पुढे-मागे करावं लागतं आणि मागे लोक उभे असतात. शिवाय पाय. छोट्या चार चाकीत पुढच्या दोन चाकांच्या मधोमध पाय कोंबावे लागतात. ज्यांचे गुडघे पुरते वाकत नाहीत त्यांना ते अर्ध्या तासात असह्य होतं.

खडबडीत रस्ता, कलती जमीन असेल तर चार चाकी, हे मात्र मान्य.

आता उनाडवारा, तुम्हाला. तुमची पोस्ट दोनदा वाचली. चार चाकी तुम्ही ठरवली, लिथियम तुम्ही ठरवलं, रिमोट तुम्ही ठरवला. रिमोट कुणाच्या हातात असणार आहे? आईंना विचारलंत का?

उनाडवारा
खरं सांगू? आईला अजून स्कूटर घेतोय हेच नीट सांगितलेलं नाही. एकदा विषय काढला तर 'मला काय धाड भरलीय' म्हणाली.

शंकासुर
घ्या. म्हणजे मी एकटा नव्हतो.

तिसरं_चाक
मीही तेच म्हणत होते. चार वर्षं म्हणत होते. आणि त्या चार वर्षांत मी कुठे कुठे गेले नाही त्याची यादी देते हवी तर. बाजारात गेले नाही, मैत्रिणीच्या घरी गेले नाही, आणि सगळ्यांना सांगायचे की मला आवडतच नाही बाहेर जायला.

'तुला चालता येत नाही म्हणून' असं म्हणू नका. त्यांना येतंय चालता. तुझे पाय घरात वापर, हिचे बाहेर, असं सांगून बघा. आणि व्हिडिओ दाखवू नका, बसवून बघा.

सांधेजोड
+१. आणि चालणं बंद करायचं नाही. स्कूटरवर बाजारापर्यंत जायचं, तिथे उतरून शंभर पावलं चालायची. बाजारापर्यंत चालतच जायचं म्हटलं की ती शंभर पावलं दारातच संपतात.
(तिसरं_चाक, पायांच्या जागेचा मुद्दा घेतला. माझे रुग्ण दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर पाच मिनिटं बसून बघतात, अर्धा तास नाही.)

चष्मेबद्दूर
लिथियमच हवी असं कुणी सांगितलं? माझ्या मामांची जुनी लेड-ॲसिडवाली आहे, सीलबंद, न सांडणारी. तिला वॉट-अवरची भानगडच नाही. स्कूटरमध्ये घट्ट बसवलेली असेल, किल्ली काढलेली असेल, टोकं झाकलेली असतील तर ती गाडीतच राहते आणि गाडीसकट पोटात जाते. केबिनमध्ये कुणाला उलटीपालटी करून दाखवायची नाही. दोन वेळा नेली, निर्विघ्न.

खटपट्या
@चष्मेबद्दूर, बरोबर आहे. फक्त 'जेल' किंवा 'एजीएम' आणि 'न सांडणारी' असं तिच्यावर लिहिलेलं हवं. आत पातळ ॲसिड हिंदकळणारी असेल तर उभीच ठेवावी लागते आणि सगळं कठीण होतं. शिवाय वजन. १२ व्होल्ट, १२ अँपिअर-अवरच्या दोन लागतात, एकेक चार किलोच्या घरात. तेवढ्याच ताकदीची लिथियम अडीच-तीन किलोत येते.

जाता जाता, जाहिरातीतल्या पल्ल्याला दोनाने भागा. तो हलका माणूस, सपाट रस्ता आणि नवी कोरी बॅटरी धरून काढलेला असतो. आणि चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय ना ते बघा, नाहीतर पोहोचल्यावर पहिल्याच रात्री धूर.

चष्मेबद्दूर
वजनाचं खरंय. मामांची गाडी चार तुकड्यांत सुटते, सगळ्यात जड तुकडा पंधरा किलोचा. मामी म्हणतात, पंधरा किलो चार वेळा उचलीन, पण तीस किलो एकदा नाही.

उनाडवारा
हा मुद्दा लागला. मी पसंत केलेली रिमोटवाली २९ किलोची आहे, एकसंध. तिथे गाडीच्या डिकीत ती ताईला एकटीला टाकावी लागेल. ताईला आत्ता मेसेज केला. तिचं उत्तर जसंच्या तसं: 'माझी कंबर कोण उचलणार?'

रिकामटेकडी
ताईंना इथे सभासद करून घ्या.

कागदपत्रे
सगळे यंत्राबद्दल बोलतायत, म्हणून कागदांबद्दल.

१९९९ चा माँट्रियल करार आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाच्या नुकसानभरपाईला कमाल मर्यादा घालतो. २८ डिसेंबर २०२४ पासून ती प्रवाशामागे १५१९ एसडीआर आहे. हे नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. स्कूटरही त्यातच मोजली जाऊ शकते, आणि बऱ्याच स्कूटर त्याहून महाग असतात. चेक-इनच्या वेळी जादा मूल्य लेखी जाहीर करून, लागेल ते शुल्क भरून ही मर्यादा वाढवता येते. नाहीतर स्वतंत्र विमा. मोडतोड दिसली तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवून कागद घ्या. लेखी तक्रारीला ७ दिवसांची मुदत आहे, पण घरी पोहोचून मग बघू म्हटलं की 'इथे मोडलं कशावरून' सुरू होतं.

युरोपीय संघाच्या ११०७/२००६ या नियमाने ४८ तास आधी कळवलं आणि विमानात जागा असली तर चालण्या-फिरण्याची दोन साधनं मोफत न्यावी लागतात. अमेरिकेच्या नियमांतही अशा साधनाला सामानाचं शुल्क लावता येत नाही. ४८ तास हा आकडा लक्षात ठेवा, पण मी म्हणेन तिकीट काढतानाच कळवा. आणि उत्तर ईमेलवर घ्या. फोनवर 'हो हो, चालेल' म्हणणारी व्यक्ती काउंटरवर कधीच नसते.

तिसरं_चाक
शेवटचं वाक्य फ्रेम करण्यासारखं. एका कंपनीने मला फोनवर दोनदा होकार दिला आणि चेक-इनला 'बॅटरीचं कुणी सांगितलंच नाही' म्हणून तासभर उभं केलं. उभं म्हणजे बसवूनच, पण समजून घ्या.

तिकिटावर सांकेतिक अक्षरं असतात ती तपासा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो पण लांब चालता येत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही नाही. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. लिथियमवर चालणाऱ्या साधनासाठी डब्ल्यूसीएलबी वेगळं. माणसाचा कोड लागलेला असतो आणि स्कूटरचा राहून जातो, हे फार होतं. जिना जमत नसेल तर लाजेखातर पहिला कोड घेऊ नका. विमान लांब उभं असलं की शिडीच समोर येते.

स्कूटर काउंटरवर देऊ नका, विमानाच्या दारापर्यंत चालवत न्यायची मागणी करा. दारात बॅटरी काढायची, टोकांना चिकटपट्टी लावायची, बॅटरी तिच्या पिशवीत, घडी घालायची, कागद बांधायचा आणि फोटो काढायचा, चारही बाजूंनी. हे सगळं घरी पाच-सहा वेळा करून बघा. पहिल्यांदा मला अकरा मिनिटं लागली होती, आता दोन.

आणि एक. उतरल्यावर स्कूटर सुरू झाली नाही तर रडारड करण्याआधी न्यूट्रलचा दांडा बघा. सामानवाले ढकलायला तो पाडतात आणि वर करायला विसरतात. दांडा खाली असेल तर गाडी चालत नाही. आणि उतारावर कधीच खाली करू नका, कारण तेव्हा ब्रेक लागत नाही. बाकी वेळी पट्टी सोडली की ब्रेक आपोआप.

रॅम्पवाला
विसरतात, कबूल. आमच्याकडून दंडवत.

शंकासुर
मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेत नाही, पण थोडा बाजूला सरकवतो. रात्री वडिलांना विचारलं, त्या तीन प्रवासांत काही अडलं का. म्हणाले, 'गेटजवळ आणून ठेवलं आणि माणूस निघून गेला. दोन तास पाणी प्यायला उठता आलं नाही. तू दुकानं बघत होतास.'

पाटीपेन्सिल
:(

उनाडवारा
अपडेट. आईला दुकानात नेलं. आधी 'नुसती बघायला'. माझ्या लाडक्या चार चाकीवर बसली, तीन मिनिटांत म्हणाली, पाय कुठे ठेवू. मग तीन चाकीवर बसली. दुकानदार काही सांगायच्या आत वेगाची चकती कासवावरून सशाकडे फिरवली आणि थेट शटरच्या बाहेर. मी मागे धावतोय.

तीन चाकीच घेतली. हाताने घडी होणारी, बॅटरी काढून २१ किलो. बॅटरीचं लेबल उलटं करून वाचलं: २५.२ व्होल्ट, ११.५ अँपिअर-अवर, २८९.८ वॉट-अवर. दुकानदार आधी १५ अँपिअर-अवरची देत होता, 'पल्ला जास्त' म्हणून. ती ३७८ होते. खटपट्याकाका, तुमचे उपकार.

खटपट्या
काका कुणाला म्हणता? पण असो, पोहोचलं.

सांधेजोड
आधी महिनाभर घराजवळ चालवू द्या. उतार, कड, गर्दी. परक्या गावात पहिला धडा नको. आणि मागच्या बाजूला गाडी मागे न उलटण्यासाठीची छोटी चाकं असतात, ती 'अडतात' म्हणून काढून टाकू नका.

उनाडवारा
(जवळजवळ चार महिन्यांनी)

धागा वर काढतोय. पोहोचलो, तीन आठवडे झाले.

जाताना पहिल्या विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी बॅटरीचा आकडा दोनदा वाचला, ईमेलची प्रिंट वाचली, कुणाला तरी फोन केला. वीस मिनिटं गेली, पण सोडलं. मधल्या विमानतळावर मात्र घोळ. स्कूटरला थेट शेवटच्या ठिकाणाचा टॅग लावला होता, त्यामुळे दारात आली नाही. साडेचार तास आई त्यांच्या व्हीलचेअरवर. शंकासुर यांच्या वडिलांची आठवण झाली, मी दुकानं बघायला गेलो नाही. परतीला टॅगवर 'विमानाच्या दारात' लिहून घेणार आहे.

शेवटी स्कूटर मिळाली, सामानाच्या पट्ट्यापाशी. घडी उघडली, बॅटरी लावली, किल्ली फिरवली. ढिम्म. पुन्हा किल्ली. ढिम्म. ताई रडकुंडीला आली, मी तक्रारीची खिडकी शोधायला वळलो. आई शांतपणे म्हणाली, 'त्या पोलिओवाल्या बाईंनी सांगितलंय ना, दांडा बघ.' तेव्हा कळलं की ती हा धागा पहिल्यापासून वाचत होती. दांडा वर केला. निघाली.

एक टोपलीची कडी वाकली आहे, बस. टोपली काढून ठेवायला विसरलो होतो.

चौथ्या दिवशी ताई ऑफिसात आणि मी झोपेत असताना आई एकटी बाहेर गेली. फोन घरीच. तास-सव्वातासाने आली. तळं आहे जवळ, तिथे गेली होती. आल्या आल्या तक्रार: हॉर्नचा आवाज इतका बारीक आहे की बदकंसुद्धा हलत नाहीत.

तिसरं_चाक
सायकलची घंटी लावा, हँडलच्या उजव्या नळीवर बसते. पण पट्टीला अडणार नाही एवढी आत घ्या. मी दोन वर्षं तीच वापरतेय. बदकांचं माहीत नाही, माणसं हलतात.

खटपट्या
सव्वा तास फिरून आल्यावर बॅटरीचे किती दिवे शिल्लक होते?

उनाडवारा
विचारून सांगतो. आत्ता बाहेर गेली आहे.